अठरा उजवे हात

९ ऑक्टोबर, दुपार

प्रिय चिमट्या,

अनेक आशीर्वाद. बाबा आणि मी बरे आहोत, तूही बरा असशील. माझ्या कवळ्यांच्या लॅबमधले चिमटे पळवणारा माणूस आता चाळिशीला टेकला, तरी मला दुसऱ्या नावाने हाक मारायला जमत नाही.

महिन्यातून एकदा तू 'सगळं ठीक?' असा मेसेज टाकतोस आणि मी 'हो' लिहिते. तीन वर्षं आपलं एवढंच बोलणं चाललंय. आज जे सांगायचंय ते त्या 'हो'मध्ये मावत नाही, म्हणून कागद घेतला.

आधी बाबांची खबर. अर्धांगाच्या झटक्याला आता दीड वर्ष होईल. पाय सुधारलाय, घरातल्या घरात काठीने फिरतात. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. बोलणं दोन-तीन शब्दांवर आलंय, पण पूर्वी तरी कुठे ते फार बोलायचे.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, डाव्या हाताला बारीक काम द्या, मणी ओवू द्या. चाळीस वर्षं नळ जोडलेल्या माणसापुढे मी मण्यांची वाटी ठेवली. त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे असं पाहिलं की वाटी मी मुकाट्याने उचलली. त्या दिवशी तुझं कपाट उघडलं. रागावू नकोस. वरच्या फळीवर तुझ्या खेळातल्या प्लॅस्टिकच्या राक्षसांची न उघडलेली तीन खोकी होती, आत चौकटींना चिकटलेले हात, पाय, पोटं, डोकी. तू त्यांना ओगर म्हणायचास. बाबांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव 'ढेरपोटे' ठेवलं.

पहिला ढेरपोट्या उभा करायला अकरा दिवस लागले. मी धरायचे, ते कापायचे. नुसत्या गोंदाने खांदा चिकटवलेला त्यांना चालेना. "आतून तार," म्हणाले. माझ्या कवळ्यांच्या हातड्रिलने खांद्याला आरपार भोक, त्यात पितळेची तार, मग गोंद. पाहुणे आले तरी त्यांना तो खांदा ओढून बघायला लावायचे.

मग त्यांनी खोक्यावरचं चित्र बघणं सोडलं. प्रत्येकाचा उजवा हात ते मुळापासून कापून टाकू लागले. सोटा, कुऱ्हाड, सुरा, जे काय असेल ते डाव्या हातात. उजव्या खांद्यावर पुट्टी थापून जखम बुजवायची आणि वर चामड्याचा पट्टा कोरायचा. एकाच्या ढेरीवर नळाचा वॉशर बसवला, तो चिलखताची ताटलीच वाटतो. तोफ ओढणाऱ्याला खऱ्या पितळी पाइपाची तोफ मिळाली. दात माझे. म्हणजे माझ्या लॅबमधले. गिऱ्हाइकांच्या मापात न बसलेल्या दाढा यांच्या तोंडात अशा चपखल बसल्यात की मला धंदा बदलावासा वाटतो.

मी एकदा विचारलं, "सगळेच डावखुरे कशाला?"

"लढतात," म्हणाले. "बघ ना."

अठरा झाले, चिमट्या. तुझ्या जुन्या फौजेतही अठराच होते.

इथपर्यंत लिहून उठले, दोन कवळ्यांना पॉलिश केलं, एकीची काहीच घाई नव्हती. आता लिहिते.

तुझी ती फौज बाबांनी भंगारात टाकली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी तुझ्या त्या राक्षसांच्या स्पर्धेला पंधरा दिवस होते. तू म्हणालास, सगळ्यांचा रंग जुना दिसतोय, उतरवून नव्याने रंगवायला हवं, पण कामावरून सवड मिळत नाही. मला वाटलं, आपण करून ठेवू, पोरगा खूश होईल. सकाळी तू गेल्यावर अठराही जणांना लॅबमधल्या मोठ्या भांड्यात घातलं आणि कवळीची पावडर ज्या द्रवात कालवते ते वर ओतलं. माझ्या ट्रेवरचे रंगाचे डाग मी त्यानेच पुसते. माझे ट्रे धातूचे आणि तुझे राक्षस प्लॅस्टिकचे, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. वीस वर्षं याच द्रवात हात घालणारी बाई मी! दुपारी झाकण काढलं तर आत एक गोळा होता. सात वर्षांचं तुझं काम. एक जबडा तेवढा ओळखू येत होता.

बाबा कामावरून लवकर आले होते. त्यांनी भांडं पाहिलं, माझं तोंड पाहिलं आणि म्हणाले, "मी टाकली म्हणून सांगू. त्याचं माझं तसंही पटत नाही, आणखी एक भांडण मला जड नाही. पण आई गेल्यापासून तो मनातलं फक्त तुझ्याशी बोलतो. ते तुटायला नको."

मी हो म्हटलं. संध्याकाळी तू त्यांना काय काय बोललास ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. "तुम्हाला माझं काहीच कधी कळलं नाही," हे वाक्य तू तीनदा म्हणालास. ते वर्तमानपत्र धरून बसले होते. मी गॅस बारीक करत होते, मोठा करत होते. तू बॅग भरलीस तेव्हाही मी बाहेर आले नाही. आणि गंमत बघ, जे तुटायला नको होतं तेही तुटलंच.

अजून एक आहे. बाबांना झटका आला तेव्हा तू लगेच निघतो म्हणालास. "कशाला धावपळ करतोस, ते स्थिर आहेत," असं मी सांगितलं. स्थिर नव्हते. मला भीती वाटली होती. तू त्यांच्या उशाशी उभा राहशील, त्यांना बोलता येणार नाही, आणि मग मलाच बोलावं लागेल. तू आला नाहीस याचा ठपका नातेवाइकांनी तुझ्यावर ठेवला, तोही मी ठेवू दिला.

आता हे का सांगते? गेल्या महिन्यात बाबांनी हत्यारांची पिशवी मागितली. तळातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. तोच गोळा. मला वाटत होतं त्यांनी कधीच फेकून दिला. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि ढेरपोट्यांचा सरदार त्यावर उभा केला. पायाखाली खडक, आणि खडकात तो जबडा. तू एका नजरेत ओळखशील काय झालं होतं ते.

"हे नको ना, बाबा," मी म्हटलं.

"खडक आहे," म्हणाले.

काल त्यांचा डोळा लागल्यावर मी करवतीचं पातं घेऊन सरदाराचे पाय सोडवायला बसले. हो, अजूनही लपवायलाच. पण दोन्ही तळव्यांतून तार आत गेली होती, आणि बाबांनी जोडलेलं सुटत नाही. मान वर केली तर ते जागेच होते. केव्हापासून बघत होते कोण जाणे. रागावले नाहीत. खूप वेळ शब्द जुळवले आणि म्हणाले, "मी गेल्यावर कोण सांगणार त्याला?" मग थोड्या वेळाने, "आधी पत्र. मग खोकं."

तेव्हा हे पत्र. चार दिवसांनी खोकं निघेल. सतराजण कापसात, सरदार वेगळ्या डब्यात. तीन वर्षं तू ज्यांच्याशी बोलला नाहीस त्यांनी काहीही केलेलं नव्हतं. तो सगळा राग माझा आहे, तो मला दे. मी तोंड लपवणार नाही. मला तुझी फार आठवण येते, हे लिहायचा हक्क मला उरलाय का माहीत नाही, तरी लिहिते.

कापलेले अठरा उजवे हात माझ्या लॅबमधल्या वाडग्यात आहेत. तेही खोक्यात घालू लागले तर बाबांनी वाडगा डाव्या हाताने आपल्याकडे ओढला. तुला द्यायला सांगितलेला निरोप जसाच्या तसा लिहिते: "हात पाहिजेत? ये म्हणावं."

रागावून ये, पण ये.

तुझी अपराधी,
ताई