सेन्सरला टेपचे सात वेढे

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (अक्षरशः साष्टांग. कमरेत उसण भरल्यामुळे गॅरेजच्या फरशीवर पालथा पडून लिहितोय, अक्षर सांभाळून घ्या.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामी तुम्हाला जिना चढू देत नाहीत असं कळलं. त्यांचंच ऐका.

आम्हा दोघांचं घरी बांधलेलं विमान नऊ वर्षांनी एकदाचं पूर्ण झालं, पण इंधनाचा दाब दाखवणारा काटा काही केल्या जागेवर बसेना. इंजिन मजेत गुरगुरतंय आणि काटा घटकेत शून्यावर, घटकेत पार टोकाला. तुमच्या भाचेसुनेनं जाहीर केलं, "तो बसल्याशिवाय मी विमानात बसायची नाही." आता विमान दोन खुर्च्यांचं, निम्मे रिव्हेट तिने ठोकलेले. शेजारची खुर्ची रिकामी ठेवून उडायचं माझ्या जिवावर येतं. म्हणून मी दाब मोजून काट्याला कळवणारा सेन्सर बदलला. काटा नाचतच होता. पुन्हा बदलला. (दर वेळी इंजिनावरचं झाकण काढायचं, म्हणजे अठ्ठावीस स्क्रू, त्यातला एक हमखास इंजिनाच्या पोटात पडतो आणि तो शोधताना माणसाची कंबर जाते.) तिसऱ्या सेन्सरनेही तोच तमाशा मांडला, तेव्हा मी सेन्सर बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

आता मामा, आटे दिसले की गळती थांबवणाऱ्या पांढऱ्या टेपचे सात वेढे मारायचे, ही तुमची शिकवण. सुट्ट्यांमध्ये तुमच्या हाताखाली लोकांचे नळ दुरुस्त करत मी मोठा झालो. तिन्ही सेन्सरना मी मोजून सात वेढे मारले आणि तुमच्यासारखे अंगठ्याने दाबूनही घेतले.

शेवटी इंजिनवाल्या मिस्तरींना बोलावलं. त्यांना सगळे 'हं' म्हणतात, कारण ते सहसा दुसरं काही बोलत नाहीत. त्यांनी सेन्सर काढला, नखाने टेप सोलली आणि आयुष्यातलं सर्वांत लांब भाषण केलं. या सेन्सरला वायर एकच, परतीची वीज त्याच्या धातूच्या अंगातून इंजिनात जाते, ती वाट मीच टेपने अडवली होती. शिवाय टेपचा तुकडा इंधनात गेला असता तर इंजिनाचा घसा कायमचा बसला असता. आट्यांना जराशी पेस्ट लावली की पुरे. मग त्यांनी विचारलं, हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, पुस्तकात वाचलं. (भाचा असावा तर असा.) तोच सेन्सर त्यांनी परत बसवला आणि काटा इतका शांत झाला की मला वाटलं, मेला.

मामींना नमस्कार.

तुमचा लाडका (निदान मी तसं धरून चालतो)
भाचा

ता. क. : खरा गुरू कोण, हे तुमच्या भाचेसुनेनं मिस्तरींना सांगून टाकलं. त्यांनी तुम्हाला नमस्कार कळवलाय. म्हणजे म्हणाले नुसतं 'हं', अर्थ मी लावला.

आणखी एक : काटा आठ दिवस हललेला नाही आणि ती अजून विमानात बसलेली नाही. काल चहा पिताना म्हणाली, "काट्याचं नुसतं निमित्त होतं रे. मला भीती वाटते. तू एकदा उडून ये, मग बघू." नऊ वर्षं ती रिव्हेट ठोकत होती आणि मी एकदाही विचारलं नाही, मामा. फार वाईट वाटलं. पत्राचं खरं कारण हे. रविवारी सकाळी मी एकटा उडणार आहे. तुम्ही या. तिला समजवायला नको. धावपट्टीच्या कडेला तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसा आणि मी उतरेपर्यंत काहीबाही बोलत राहा.

शेवटचं : भीती मलाही वाटते. हे तिला सांगितलंत तरी चालेल.