दसऱ्याचा मदरबोर्ड

१९ सप्टेंबर, गुरुवार. नांदेड

आपला गणपती दहा दिवसांचा, गार्गी दीड दिवसाची. परवा विसर्जन झालं, पण घर तिच्या जाण्यापासूनच रिकामं होतं.

जाताना रिक्षात बसता बसता म्हणाली, "बाबा, मी इथं महिनाभर राहीन हो. कंपनी घरून काम करू देते. पण काम करू कशावर? तुमच्या त्या डब्यावर?"

डबा म्हणजे ज्यावर मी लातूरच्या कचेरीत बातम्या पाठवतो तो. ती नववीत असताना आम्ही दोघांनीच सतरंजीवर बसून जुळवला होता. स्क्रू तिने लावले, मी टॉर्च धरली. सुधा आम्हाला ओलांडून स्वयंपाकघरात जात-येत होती नि दर खेपेला म्हणत होती, जेवायचंय का हेच खायचंय. आता गार्गी (पुढे नुसतं गा.) पुण्यात जाहिरातींचे व्हिडिओ कापते-जोडते. डब्यावर ते उघडतसुद्धा नाहीत.

वाक्याचे अन्वय दोन लागतात. एक, मशीन असतं तर आले असते. दुसरा, मशीन नाही हे बरंच आहे. मी सोयीचा धरला. मशीन जुळवायचं. दिवाळीत तिला सुटी नाही, म्हणून दिवाळीच्या आधी.

२१ सप्टेंबर, शनिवार

सलीमभाईंच्या दुकानात. डबा जुळवला तेव्हाचे सुटे भागही त्यांच्याकडचेच. प्रोसेसर, मेमरी त्यांनी झटक्यात सांगितली. मदरबोर्डवर अडले. अडले म्हणजे मला अडवलं.

"बाकी सब बाद में बदल सकते, पत्रकारसाब. बोर्ड बदला तो पूरा घर खोलना पडता. सोच के बताओ."

काउंटरवर तीन कंपन्यांचे खोके मांडले. नावं इथे लिहीत नाही. स्थळांची नावं ठरेपर्यंत बोलू नयेत. प्रथम, द्वितीय, तृतीय; थोडक्यात प्र., द्वि., तृ.

"टिकाऊ कोणती?"

"सब टिकती. जिसकी नहीं टिकी वो मेरे पास आता. जिसकी टिकी वो कायकू आता?"

म्हणजे यांच्याकडची माहिती फक्त मयतांची.

२२ सप्टेंबर, रविवार

दुपारभर इंटरनेटवर. प्र. म्हणजे अमृत, असं एकजण. प्र. महिन्यात जळाला, असं दुसरा. द्वि. नि तृ. यांचंही तसंच. दोन वचनं एकमेकांविरुद्ध आली तर दोन्ही प्रमाण माना, असं पाठशाळेत गुरुजी सांगत. गुरुजींना बोर्ड एकच घ्यायचा नव्हता.

संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधल्या सोनकांबळेबाई आल्या. जिल्हा परिषदेत आहेत. बातमीची कागदपत्रं कधी देत नाहीत, भाजी देतात. टेबलावरचा माझा तक्ता वाचून विचारलं, "सर, हे काय, मुलीसाठी स्थळ बघताय?"

"मुलीच्या मशीनसाठी."

"ती येणार आहे का?"

"मशीन झालं की."

भाजीची वाटी ठेवून गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

२५ सप्टेंबर, बुधवार

अविधवा नवमी. सुधा गेल्याला हे तिसरं वर्ष. सवाष्ण जेवायला बोलवायची असते. तिच्या मैत्रिणी पहिल्या वर्षी आल्या, दुसऱ्या वर्षी फोन आले, यंदा फोनही कमी. स्वयंपाक केला. खीर पातळ. ताटाचा फोटो गा.ला पाठवला. उत्तरात दोन जोडलेले हात आले.

मदरबोर्डबद्दल विचारलं तर लगेच चार ओळी येतात. मेमरीचे खण किती, व्हिडिओ कार्डला जागा हवी, वीज झेपली पाहिजे. तर मग मदरबोर्डबद्दलच विचारत जाऊ.

२८ सप्टेंबर, शनिवार. लातूर

कचेरीत बैठक. पेपर आता मोबाइलवर वाचतात, हे संपादकांनी छापील कागद वाटून सांगितलं.

नंतर देवीदासकडे. पाठशाळेत माझ्या शेजारी बसायचा, पुढे त्याने संस्कृत सोडलं नि सुखी झाला. एका शिकवणीवर्गाच्या खोलीभर कॉम्प्युटरांची देखभाल बघतो. माझ्या प्रश्नांची यादी ऐकून घेतली आणि म्हणाला, "शास्त्र्या, तू बोर्ड घिऊन राहिला का सोयरीक जुळवून राहिला? लई चौकशा."

"तुझ्याकडे कोणती टिकली ते सांग."

"प्र. टिकली. द्वि. बी टिकली. तृ. लई देखणी हाय, पर बिघडली की हैदराबादला धाडावं लागतं. महिना महिना येत न्हाई. द्वि.चं सर्व्हिस सेंटर हितंच हाय, बसस्टँडामागं."

जाऊन पाहून आलो. काचेमागे एक मुलगी, भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर, कुंडीत खरी तुळस. तुळशीला पाणी घातलेलं होतं. मला तेवढं पुरलं.

देवीदासने जेवायला ठेवून घेतलं. त्याच्या घरात सतत कोणीतरी कोणाला तरी हाका मारतं. बसमध्ये कान रिकामे वाटत होते.

१ ऑक्टोबर, मंगळवार

द्वि. पक्की. माहेर जवळ असलेलं स्थळ. सलीमभाईंना सांगितलं, आजच द्या. त्यांनी खोका मागे ओढला.

"पित्तरपाट चालू है ना? घटस्थापना के बाद ले जाव. आपके लोगां इन दिनों में नयी चीज लेते नहीं. मैं तो इन दिनों में दुकान झाडता बैठता."

संस्कृतचा एम.ए. मी. पंचांग त्यांनी सांगितलं. निमूट परत.

५ ऑक्टोबर, शनिवार

बोर्ड घरी. प्रोसेसर तेवढा दुकानात बसवून घेतला, ते नाजूक काम. बाकी मी करणार. गा.ला फोटो पाठवला. तिचं उत्तर: "बोर्ड मस्त घेतलात बाबा. एकदम भारी."

मी ‘कधी येतेस’ लिहिलं, पुसलं. ‘मेमरी कोणत्या खणात घालू’ लिहिलं. लगेच उत्तर आलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

सकाळीच सोनकांबळेबाई दीक्षाभूमीला निघाल्या. किल्ली नि झाडांना पाणी घालण्याचं काम माझ्याकडे. हातात डबा, पाण्याची बाटली, पांढरी साडी. स्टेशनवर त्यांच्या बहिणी, भाचे, सगळी मंडळी भेटणार. मी आपट्याचं पान दिलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही पण कुठंतरी जा ना सर." मग, "बरं, झाडांना पाणी घालाच."

सुधा असताना दसऱ्याची पूजा म्हणजे पाटावर माझी पेनं, कात्री, विळी, कुकर, गा.चं दप्तर. यंदा पाटावर काय ठेवावं कळेना. पेन एकच. मग बोर्ड ठेवला. घरातलं नवं हत्यार तेच एक. देवापुढे खोक्यात झाकलेलं कसं ठेवायचं, म्हणून बाहेर काढला. फुलाने प्रोक्षण केलं, गंध लावलं, हळद-कुंकू, अक्षता, वर झेंडू. विधीत काही सोडलं नाही. सुधा नेहमी म्हणायची, तुमच्या पूजेत मंत्र फार नि फुलं कमी. यंदा फुलंही भरपूर वाहिली.

फोटो चांगला आला. गा.ला पाठवला नाही. चालू झालेलं मशीनच दाखवू म्हटलं.

दुपारी उत्तरपूजा करून फडक्याने पुसला. मेमरी खणात दाबून बसवली, बाकी तारा जोडल्या. टॉर्च तोंडात धरावी लागली.

१३ ऑक्टोबर, रविवार

लागत नाही. पंखा फिरतो, पडदा काळा. मेमरीशेजारी एक लाल ठिपका पेटतो नि तसाच राहतो.

संध्याकाळी बाईंच्या झाडांना पाणी घातलं. तिथे सगळं ठीक आहे.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

सलीमभाईंनी बोर्ड उजेडात तिरका धरला. बराच वेळ पाहिलं.

"पत्रकारसाब, इसका लगन लगाये क्या?"

खणांत हळद-कुंकू. एका फटीत अक्षत. मी झाला प्रकार सांगितला. हसले नाहीत, याचं जास्त वाईट वाटलं.

"साफ करने को मैं हात नहीं लगाता. हात लगाया तो वॉरंटी गयी. लातूर ले जाव. दुआ करो."

१६ ऑक्टोबर, बुधवार. लातूर

काचेमागच्या मुलीने बोर्ड पाहिला, मग माझ्याकडे.

"काका, हे लाल काय आहे?"

"कुंकू."

"आणि हे?"

"हळद."

आत गेली. आतून कोणीतरी बाहेर डोकावून मला पाहून गेलं. ती परत आली. "काका, कंपनीच्या नियमात हे बाहेरचा पदार्थ म्हणून येतं. वॉरंटी नाही बसत. बोर्ड खराब नव्हता हो, आमच्याकडे हे बोर्ड फारसे येतच नाहीत." मग हळू आवाजात, "मी पण दसऱ्याला स्कूटीला कुंकू लावलं. पण बाहेरून."

कंपनी विश्वासू, ही माझी चौकशी खरी ठरली. वरपक्षाची कोणी केलीच नव्हती.

देवीदासकडे गेलो नाही. त्याने हे पुढची वीस वर्षं पुरवलं असतं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

गा.ला फोन करून सांगून टाकलं. आधी काहीच आवाज नाही. वाटलं फोन कटला. मग ती हसत होती. थांबेना. सुधासारखं हसते, मध्येच श्वास घेऊन पुन्हा पहिल्यापासून. गेल्या तीन वर्षांत हे ऐकलं नव्हतं.

"झेंडूसुद्धा, बाबा?"

"झेंडूसुद्धा."

"आईनं तुम्हाला पाटावर बसवून तुमचीच पूजा केली असती." मग म्हणाली, "हे बघा, हात लावू नका. तुम्ही आणखी काहीतरी कराल. मी पुढच्या शनिवारी येते का बघते. दोन दिवस मिळाले तर. बसून करू दोघं."

बसून करू दोघं.

सतरंजी धुवायला टाकली.

२० ऑक्टोबर, रविवार

सोनकांबळेबाई नागपुराहून येऊन किल्ली न्यायला आल्या. पुस्तकांची पिशवी घेऊन आल्या होत्या. त्यातलं एक मला दिलं. सगळी हकीगत ऐकली. हसून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे चालू मशीननं जे झालं नसतं ते बंद मशीननं केलं."

"तिने अजून नक्की सांगितलं नाही."

"सांगेल. तुम्ही फक्त हुशारी करू नका सर."

२३ ऑक्टोबर, बुधवार

कपाट आवरताना गा.चा जुना रंगाचा ब्रश सापडला. तिची खोली तयार करत होतो. केस अजून मऊ.

हात लावू नका म्हणाली होती. हात नाही लावला, ब्रश लावला. बोर्ड तसाच कुंकवाने माखलेला तिच्यासमोर ठेवायचा बरं वाटेना, एवढंच मनात होतं. सुईने अक्षत काढली. मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासले, ही युक्ती तिचीच, नववीतली. उन्हात नाही ठेवलं, पंख्याखाली ठेवलं. दुपारी सगळं परत जोडून उगाच एकदा वायर लावली.

लाल ठिपका पेटला, विझला. पडदा उजळला. द्वि.चं नाव मोठ्या अक्षरांत.

समोरचं दार वाजवायला गेलो. कुलूप. बाई ऑफिसात.

परत येऊन खुर्चीत बसलो. फार छान चालतं मशीन. आवाजसुद्धा नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

एक बातमी पाठवायची होती, किनवटच्या वसतिगृहाची. डब्यावरूनच पाठवली. नव्यावर पाठवली असती तर ते वापरात आलं असतं.

रात्रीपासून दुसऱ्याच बातमीचा मसुदा डोक्यात आहे: मशीन चालू झालं. खरी आहे, हाती आली आहे, आणि पाठवायला हात होत नाही. धंद्यात याला बातमी दाबणे म्हणतात. मी लोकांना यावरून बोललो आहे.

मेमरीची पट्टी खणातून थोडी सैल करून ठेवली तर? लाल ठिपका आपोआप पेटेल. खोटं काहीच बोलावं लागणार नाही. पट्टीवर बोट ठेवून पाहिलं. बोट काढलं.

अकराच्या सुमारास गा.चा मेसेज.

"बाबा, साहेब दोन दिवस देतोय पण तोंड वाकडं करून. तिकीट आत्ता काढावं लागेल. बोर्ड खरंच बंद आहे ना अजून? म्हणजे नुसतं साफ करून होणार असेल तर तुम्हाला व्हिडिओ कॉलवर सांगते, मग मी नंतर निवांत येईन."

निवांत कधी, ते लिहिलेलं नाही.

मेसेज उघडला आहे. निळ्या खुणा तिला दिसल्या असणार. ‘चालू झालं’ एवढं लिहिलं, पुसलं. ‘बंद आहे’ लिहिलं, तेही पुसलं. ‘तू ये’ लिहून बघितलं. तिच्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. तिने बोर्डचं विचारलं आहे.

टेबलावर मशीन चालू आहे. बाल्कनीत सतरंजी वाळली आहे.

फोनवर तिच्या नावाखाली ‘लिहीत आहे’ असं येतंय. थांबलं. पुन्हा येतंय.