पंचमाची खुंटी

३ जानेवारी १९३६

दगड! मंगरूळच्या भर सभेत. डाव्या कानावर बसला, सदरा रक्ताने भिजला. तरी पाऊण तास बोलत राहिलो. पुंजाजी माळ्याची विधवा लेक पंचफुला, माझी शिष्या, चारचौघांत ख्याल गाणार म्हणजे गाणारच — एवढंच माझं म्हणणं. उत्तमराव देशमुखांची माणसं ओरडली, "मास्तर, बाई नाचवून राह्यले काय?" मी म्हणालो, "गळा तिचा, पोट कायले दुखते तुमचं?" सभा हसली. मग दगड आला.

२८ तारखेला कारंज्याला, कापसाच्या जिनाच्या पटांगणात तिच्या गाण्याची बैठक. देशमुखांनाही बोलावणं धाडलं. ऐकू दे. जळू दे!

९ जानेवारी

पंचफुलाचा गंधार उतरतो, नेमक्या सुराच्या खाली लागतो. दहादा सांगितलं, दहादा उतरला. शेवटी कानशिलात दिली. रडली नाही. पदर सावरला आणि पुन्हा तोच उतरलेला गंधार — हट्टाने! दुसरी ठेवून दिली.

माराशिवाय गाणं येत नाही. मी तसाच शिकलो. गुरुजींनी लावलेल्या तंबोऱ्याची खुंटी एकदा फिरवली, तर त्यांनी माझी बोटं पाटावर धरून खडावेने ठेचली. गुरूच्या तंबोऱ्याला शिष्याचा हात लागायचा नाही. माझ्याकडेही तोच कायदा.

१४ जानेवारी

तबलजी मोहनसिंग आज म्हणतो, "मास्तर, राग येईन तुमाले. पन बाई सुरात हाये. तुमच्या तंबोऱ्याचा पंचम चढला."

त्याचीच हातोडी उचलून फेकली. भुवई फुटली.

"तीस वर्षं गातो आहे मी!"

"म्हनूनच तुमाले कोनी सांगत नाही," रक्त पुसत म्हणाला. तबला बांधून निघून गेला.

१५ जानेवारी

दगडाने माझा कान तर — छे!

२१ जानेवारी

पुंजाजीने मोहनसिंगाला परत आणलं. "बाईसाठी आलो, तुमच्यासाठी नाही," तोंडावर म्हणाला. मी गिळलं. तबल्याशिवाय बैठक कशी करणार?

२८ जानेवारी

कारंज्याची बैठक झाली.

हजारेक माणसं. देशमुख पहिल्या ओळीत, लोडाला टेकून. मी तंबोरा लावला. पंचफुलाने डोळे मिटून ऐकला. मग हात पुढे केला, माझ्या मांडीवरून तंबोरा उचलला आणि पंचमाची खुंटी मागे फिरवली. सगळ्यांदेखत!

देशमुख खदखदून हसले. "अरे, मास्तरालेच सूर समजत नाही!"

माझा हात वर गेला. ती हलली नाही. हळूच म्हणाली, "मारा, गुरुजी. पन तंबोरा देनार नाही मी."

हात तसाच राहिला. मोहनसिंगाने ठेका धरला. ती गायली. पाऊण तास कुणी खोकलं नाही. देशमुखही शेवटपर्यंत उठले नाहीत. प्रत्येक गंधाराला पटांगण डोलत होतं. मला तो प्रत्येक वेळी उतरलेलाच ऐकू आला.

२९ जानेवारी

म्हणजे कान गेला. देशमुखाच्या दगडाने माझा कान नेला! आयुष्यभराची कमाई एका धोंड्यात! व्यासपीठावर शांतीच्या गोष्टी पुष्कळ केल्या. आता लाठ्या. माणसं जमवली — धनज गावची वीस, कारंज्याची चाळीस. त्याच्या वाड्यातल्या बैठकीची एक काच शाबूत ठेवणार नाही. त्याचा हात सापडला तर हातही. आधी अकोल्याच्या डॉक्टरांचा दाखला आणतो. उद्या कोर्टात विचारलं तर कागद हवा.

पंचफुला दारात आली होती. "गुरुजी, चुकलं काय माझं?" मी दार ओढून घेतलं. कडी लावली.

२ फेब्रुवारी

डॉक्टरांनी सुराचा लोखंडी चिमटा, ट्यूनिंग फोर्क, वाजवून डाव्या कानाशी धरला. मग उजव्या. उजवीकडे तोच सूर खाली गेला.

"दगड लागला तो कान चांगला आहे, मास्तर. बिघडला तो उजवा. पाच-सहा वर्षं तरी झाली असतील."

माणसांना निरोप धाडला — घरी जा.

पाच-सहा वर्षं. या वर्षांतले माझे तीन शिष्य. खेमाला छडीने फोडून हाकललं. आवडाबाईला केसांना धरून बाहेर काढलं. मदनसिंगाचा दात पाडला.

तिघांचाही गंधार उतरत होता.