स्वानंदीच्या पायाखालची जमीन

बर दुबई

ती. दादास,

फोनवर बोलवत नाही, म्हणून लिहिते. आपली स्वानंदी उत्तर ध्रुवाकडच्या संशोधन कॅम्पवरून आता परत येणार नाही.

तिथली गोठलेली जमीन वितळलेल्या बर्फाचं पाणी खालून पोखरतं. वरचं गवत मात्र जागच्या जागी दिसतं. नदीकाठचा तसाच तुकडा तिच्यासकट कोसळला. चार दिवसांपूर्वी शोध थांबवला.

वहिनी दिवस घालायचं म्हणेल. नको. पाण्याने नेलेल्या माझ्या पोरीच्या नावाने मी पाणी सोडू देणार नाही.

आम्ही दोघं जेवतो. आईला सांगितलंस का? तिची बीपीची गोळी चुकवू नका.

तुझी,
मैथिली

ता. क. स्वानंदीचं कॅम्पवर राहिलेलं सामान तिच्या सहकाऱ्याने आज घरी आणून दिलं : मोजपट्टी, चष्मा, वहिनीने विणलेली कानटोपी. टोपी कोरडी आहे. त्या दिवशी घातली नव्हती.