मेन कॉक कुणी बंद केला

तीर्थरूप मामा,

भाचीचा कोरडा नमस्कार. (रागाने नाही; सध्या आमच्या घरात सगळंच कोरडं आहे.) मामींचा गुडघा कसा आहे? तुमचं रक्तदाबाचं यंत्र अजून दर वेळी वेगळंच सांगतं का? इकडे सगळे ठीक. बाबांचे दंड तर चांगलेच भरलेत. कारण पुढे येईल.

परगावच्या नोकरीचं तुम्हाला ठाऊकच आहे. शुक्रवारपर्यंत होकार कळवला नाही तर ती दुसऱ्याला जाईल. बाबांचा मुद्दा एकच, "एकटी राहशील, आणि नळ तुटला तर?" मी दिवसभर कारखान्यांच्या पाइपांची ड्रॉइंग काढते हे त्यांना माहीत आहे. पण कारखान्यातलं पाणी वेगळं आणि घरातलं वेगळं, असं त्यांचं शास्त्र आहे.

तर रविवारी नळ तुटला. (खरं म्हणजे बेसिनखालची नळी सुटली, पण बाबांच्या समाधानासाठी तुटला म्हणू.) तिथला छोटा कॉक रंगाऱ्याने भिंतीबरोबर रंगवून टाकलेला, तो हलेना. बाबांनी दादाला नळीवर अंगठा दाबून बसवलं आणि "मेन कॉक कुठे आहे ते मला विचारा" असं म्हणत जिन्यात जाऊन एक कॉक मोठ्या अधिकाराने बंद केला. आमचं कारंजं चालूच. शेजारच्या शिक्षिकाबाई मात्र डोक्यावर फेस घेऊन दारात आल्या. "भाऊजी, डोळ्यांत साबण गेलाय हो माझ्या! पाणी कुणी बंद केलं?" बाबा म्हणाले, "तपासणी चालू आहे," आणि तो कॉक परत सोडून दादाच्या मदतीला धावले.

मी तोवर ज्याचा पगार मिळतो ते केलं. पाणी घरात जिथून शिरतं तिथून पाइपामागे चालत गेले. पाइप चपलांच्या मांडणीमागे गेला होता. (पाहुण्यांना पाइप दिसू नये म्हणून ती मांडणी बाबांनीच सुताराकडून करवून घेतली होती, हे विसरायला त्यांना फार वर्षं लागली नाहीत.) चपला काढल्या, मागची फळी सरकवली, तिथल्या कॉकची दांडी पाव फेरा फिरवली. पाणी थांबलं. चपला होत्या तशा लावल्या.

नेमक्या त्याच वेळी बाबांनी नळीला दुसरं फडकं बांधलं होतं. ते ओलेचिंब बाहेर आले आणि म्हणाले, "केलं बंद." मग शिक्षिकाबाईंना सांगितलं, वरच्या मजल्याला सांगितलं, फोनवर काकांना सांगितलं. मला कुणी काही विचारलं नाही, म्हणून मी काही सांगितलं नाही.

सोमवारी प्लंबरने नवी नळी बसवली. "साहेब, मेन कॉक सोडा, बघू गळतंय का." बाबा म्हणाले, "राहू दे, जरा वाळू दे." प्लंबरने स्टीलच्या नळीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि निघून गेला. तेव्हापासून बाबा शिक्षिकाबाईंकडून बादल्या आणतात. दादा म्हणाला, "बाबा, सोडा की आता पाणी." त्यावर, "तुला कळतं का त्यातलं? दाब बसायला हवा." (बंद पाइपात दाब बसत नाही. असो.) आम्ही जवळ नसलो की ते भिंतींवर टकटक करतात, फ्रिजमागे डोकावतात, आणि मग चपला घालून बादली घेऊन निघतात. चपला त्याच मांडणीतून काढतात.

वडीलधाऱ्यांची चूक काढायला मला शिकवलेलं नाही, म्हणून गप्प आहे.

आपली भाची

ता. क. गुरुवारी याल का? तुम्ही नोकरीचा विषय काढा. बाबांनी "आणि नळ तुटला तर?" असं विचारलं की "हो, तुमच्याकडे तुटला तेव्हा कुणी काय केलं?" एवढंच विचारा आणि माझ्याकडे पाहा. येताना घरूनच आंघोळ करून या.

ता. क. २. आईने पत्र वाचलं. तिला रविवारपासून सगळं ठाऊक आहे. बाबा फिरायला गेले की ती कॉक सोडते, धुणीभांडी उरकते आणि परत बंद करते. तिचा निरोप: "गुरुवारी नक्की ये, पण संध्याकाळी. सकाळच्या खेपा त्यांच्या होऊन जाऊ देत."