चार पोती काच

४ मार्च
चार पोती! प्रार्थनाघराची मोठी रंगीत खिडकी परवाच्या वादळात फुटली. रखवालदाराने चुरा पोत्यांत भरून आमच्या कारखान्यात आणून ओतला. तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या कुणीतरी आधीच भंगारात घालून मोकळा झाला. उरलं काय — निळी, पिवळी, लाल काच आणि माती.

मी सांगितलं, "मूळ चित्राचा फोटो आणा. महिन्यात होती तशी करून देतो, एक तुकडा इकडचा तिकडे होणार नाही. फोटो नसेल तर साधी काच बसवा."

धाकट्या भावाने पोत्यात हात घातला. "यातूनच होईल, दादा."

"काय होईल?" मी विचारलं.

"काहीतरी होईल."

उंटावरचा शहाणा! लगेच बोट कापून घेतलं.

६ मार्च
धाकटा जुन्या फोटोवाल्याकडे जाऊन आला. फोटो नाही म्हणे. संपलं.

११ मार्च
संपलं कसलं! आमच्या धाकट्या साहेबांनी प्रार्थनाघरातली म्हातारी माणसं कारखान्यात बोलावली. खिडकीत काय होतं ते आठवून सांगा!

सुईण म्हणाली होडी. ट्रामचालक म्हणाला, "होडी कसली? झाड होतं, फांद्या पार छतापर्यंत." दोघं भांडायला उठले. शाळेच्या बाई हळूच म्हणाल्या, "पाठमोरी बाई होती. माझी आई गेली तेव्हा मी तिच्याकडेच बघत बसले होते." पन्नास वर्षं त्याच बाकांवर बसून ही तऱ्हा. मला हसू आवरेना. धाकटा हसला नाही. वहीत लिहून घेत होता, पेन्सिलीचं टोक चावत.

१९ मार्च
धाकटा वहीतल्या आठवणींवरून तुकडे मांडतोय. शिशाची पट्टी कापायची मी. पट्ट्यांचे सांधे जोडायला डाख द्यायचा मी. त्याचा डाख अजून गोळ्यागोळ्यांनी बसतो, तो घासून सारखा करायचा तोही मीच. आणि रखवालदार आला की, "वा! धाकट्याचं डोकं बघा!" मी तिथेच उभा होतो, चिमटा हातात धरून.

२० मार्च
बायकोने विचारलं, "पोटात दुखतंय का तुमच्या?" हो. दुखतंय.

२८ मार्च
इथे कोण वाचतंय — खरं लिहितो.

आज शिडीवर चढून जमिनीवर मांडलेलं सगळं एकदम पाहिलं. होडी आहे. तिची डोलकाठी वर जाता जाता झाड होते. शिडाचा घोळ बाजूने पाहिला तर बाईची पाठ, खांद्यावरून पदर ओढून घेतल्यासारखी. जुना तुकडा एकही फुकट घालवलेला नाही. नखाएवढा चुरासुद्धा पाणी म्हणून बसलाय. त्या चार पोत्यांतून!

चांगली आहे. फार चांगली आहे. शिडीवरून उतरावंसंच वाटेना, उतरलो की याला काहीतरी बोलावं लागणार.

बाबांनी बाराव्या वर्षी माझ्या हातात काच कापायची हिरकणी दिली. याला खेळायला सोडलं. समोर नमुना ठेवा, मी डोळे मिटून उतरवून देईन. पण नमुनाच नसेल तर मला नुसता कचरा दिसतो. याला का दिसावं? कुठे शिकला हा?

विचारलं, "जमेल हे तुला ठाऊक होतं?"

"छे! जमणार असं धरून चाललो. नाहीतर पोत्यात हातच घातला नसता."

शब्दाने कौतुक केलं नाही मी. हेवा वाटतो. घ्या, लिहिलं एकदाचं.

५ एप्रिल
खिडकी बसली. सुईण खाली उभी राहून घळाघळा रडली — "हीच! हीच होडी!" ट्रामचालक तिच्या शेजारीच. "झाड म्हणत नव्हतो मी?" आज भांडले नाहीत. उद्या सगळे जमणार, धाकट्याला शाल. मला पहिल्या रांगेत खुर्ची आहे. कारागिराचे बंधू!

संध्याकाळी डाखाची तार संपली म्हणून त्याचा खण उघडला. तळाशी पाकीट. फोटोवाल्याचा शिक्का, तारीख ६ मार्च. आत प्रार्थनाघराचा फोटो, खिडकी अगदी स्वच्छ दिसतेय. होडी नाही. झाड नाही. बाई नाही. नुसते चौकोन! एक निळा, एक पिवळा, एक निळा, एक पिवळा, भोवती लाल काठ. बस्स.

महिनाभर याच्याजवळ होता! फोटो नाही म्हणून माझ्या तोंडावर खोटं बोलला, आणि शाल घेणार! उद्या सगळ्यांसमोर हा फोटो काढतो. जिरू दे एकदाची.

६ एप्रिल
काढला नाही. आत जायच्या आधी दारातच त्याच्यापुढे धरला होता. त्याने लगेच कबूल केलं.

"हा तुला दिला असता तर तू महिन्याच्या आत खिडकी उभी केली असतीस. होती तशी. मी झाडू मारत बसलो असतो. जन्मभर तुझ्या हाताकडे बघून जळत आलोय, दादा. म्हटलं, एकदा तरी तुला काही सुचू नये."