बाल्कनीतला मुका व्हिडिओ

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. तुझे गुडघे कसे आहेत? गोळ्या चुकवू नकोस. तुमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी तू बाबांच्या कॅमेऱ्यातले व्हिडिओ मागितले होतेस, ते काम झालं. परवा भाऊजी पेनड्राइव्ह घेऊन गेले. आता हॉलच्या पडद्यावर लाव नाहीतर फोनवर, कुठेही चालतील.

फार चिवट फायली होत्या. दुकानात रोज लोकांची जुनी लग्नं नि सहली मी नव्या फॉरमॅटमध्ये करून देते, पण बाबांच्या कॅमेऱ्याने घाम फोडला. तुला कळेल असं सांगते. फाइल म्हणजे डबा. त्यात चित्राचा कप्पा वेगळा, आवाजाचा वेगळा. आपल्या घरच्या कॉम्प्युटरला चित्र उलगडायचं, आवाज उलगडत नव्हता. म्हणून आपण सगळे व्हिडिओ मुकेच बघितले. बाबा शेजारी बसून प्रत्येकाचे आवाज काढायचे, आठवतं? हसून हसून पोट दुखायचं.

या वेळी आवाज उलगडून देणारा जुना कोडेक मी शोधून काढला आणि सगळ्या फायली बदलायला लावल्या. तू फोनवर म्हणाली होतीस, "बाल्कनीतला तो एक सोड गं, त्यात नुसती खुर्ची दिसते." तो चुकून आतच राहिला.

चुकून कसला! तू सोड म्हणालीस म्हणून आधी तोच घेतला.

माझं लग्न ठरलं त्या दिवशीचा आहे. बाबा कॅमेरा बंद न करताच स्टुलावर ठेवून आत गेलेत. खुर्ची दिसते, तुझी चंदेरी पट्ट्यांची चप्पल दिसते, आणि समोर भाऊजींचे बूट. तेव्हा ते तुझे कुणी नव्हते, माझे होणार होते.

आवाज अगदी स्वच्छ आलाय तुझा. "तिचं दुसऱ्याच कुणावर प्रेम आहे हो. बाबांच्या धाकाने हो म्हणतेय. माझं नाव घेऊ नका, पण तुम्हीच माघार घ्या."

कुणावर होतं गं माझं प्रेम? नाव तरी सांगायचंस, मीही भेटून आले असते.

आठवड्याभरात त्यांचा नकार आला. बाबांना वाटलं, मीच त्यांना काहीतरी बोलले. बाबांनी माझ्याशी जो अबोला धरला तो दवाखान्यातही सोडला नाही. तू त्यांच्या उशाशी बसायचीस, बाहेर येऊन मला जवळ घ्यायचीस आणि म्हणायचीस, "बोलतील गं, धीर धर."

परवा भाऊजी आले तेव्हा मी चहा दिला आणि तो व्हिडिओ लावला. संपल्यावर म्हणाले, "परत लाव." परत लावला. मग कप खाली ठेवला.

"म्हणजे तुझं कुणावर..."

"कुणावरही नव्हतं."

"मग तेव्हा मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत मला?"

चहावर साय धरली. "काढून टाकू का हा?" मी म्हटलं. खरं सांगते, हो म्हणाले असते तरी काढला नसता. ते म्हणाले, "नको. असू दे." पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात टाकला आणि जिना उतरून गेले.

घरी आल्यापासून गप्प असतील. दमलोय, पोट बरं नाही, असलं काहीतरी सांगत असतील. तू वाट बघशील, आता विचारतील, मग विचारतील. नाही विचारणार. मनात अढी बसली की तो माणूस शब्द काढत नाही. त्याच्या या स्वभावावर तू संसार उभा केलास, आता त्याच्याच शेजारी रोज जेवायला बस.

रड, पाया पड, माझ्या नावाने बोटं मोड. माफी मिळणार नाही, हे तू फोन करायच्या आधीच लिहून देते. कार्यक्रमाला मात्र मी येणार. तो व्हिडिओ भाऊजी लावतील की नाही, मलाही ठाऊक नाही. सगळे पडद्याकडे बघतील. मी तुझ्याकडे बघत बसेन.

बाबा जिच्याशी न बोलताच गेले ती,
तुझी धाकटी